जॉनी लिव्हर यांनी कंपनी सोडली ती सिनेमासाठी नव्हे

पत्र: ताई, मी २८ वर्षांचा आहे. मूळचा कराडचा. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला लागलो, चार वर्षांपूर्वी पर्मनंट झालो. बाबा एसटीतून रिटायर झालेत, धाकटी बहीण अजून शिकतेय. शनिवार-रविवारी पुण्यात मराठी स्टँड-अप करतो. सुरुवात मिमिक्रीनं झाली, आता स्वतःचं लिहितो. त्यातला कंपनीवरचा भाग सगळ्यात जास्त चालतो. मधूनमधून पैसे मिळणारे शो होतात. गेल्या वर्षी एका वेब सिरीजमध्ये दोन दिवसांचं काम मिळालं. स्टेजवर करतो तसंच केलं, पण दिग्दर्शक सारखे म्हणायचे, "कमी कर, मध्ये थांबू नकोस." नंतर बघितलं तर मी नुसता ओरडतोय असं वाटलं. आता एका रोजच्या मालिकेत हिरोच्या मित्राचा तीन महिन्यांचा ट्रॅक, म्हणजे कथेतला तेवढा भाग, देतायत. शूटिंग मुंबईला. महिन्यात किती दिवस काम असेल ते सांगत नाहीत. एवढी रजा कंपनी देणार नाही, म्हणजे राजीनामाच द्यावा लागेल. बाबा म्हणतात, पर्मनंट नोकरी सोडतो तो वेडा. मी म्हटलं, जॉनी लिव्हरनी पण कंपनी सोडलीच ना? आठवड्याभरात कळवायचंय. काय करू?

उत्तर: तू मला ताई म्हणालास, म्हणून एकेरीतच लिहिते. तुझ्याकडे वेळ थोडा आहे, तेव्हा आधी उत्तर देते. या ट्रॅकसाठी राजीनामा देऊ नकोस. अभिनय सोड असं मी म्हणत नाहीये, उलट तो आता मन लावून शिकायला लाग असंच सांगणार आहे. पण ही भूमिका, या अटींवर, या महिन्यात नको.

आता कारणं. सुरुवात तुझ्याच उदाहरणापासून करते, कारण बाबांपुढे तू जॉनी लिव्हर यांचं नाव घेतलंस खरं, पण गोष्ट अर्धीच सांगितलीस.

जॉनी लिव्हर यांचा जन्म १९५७ सालचा, आंध्रातल्या कनिगिरीचा. खरं नाव जॉन प्रकाश राव जनुमला. वाढले धारावीत. घरात इतकी ओढाताण की शाळा सातवीतच सुटली. मग मुंबईच्या रस्त्यांवर पेनं विकली. विकताना सिनेनटांच्या नकला करायच्या, त्यांच्या गाण्यांवर नाचायचं, माणसं थांबली की पेन पुढे करायचं. वडील हिंदुस्तान लिव्हरच्या कारखान्यात होते, मुलगाही तिथेच लागला. काम अंगमेहनतीचं, जड ड्रम उचलायचं. कंपनीच्या एका कार्यक्रमात त्यांनी वरिष्ठ साहेबांच्या नकला केल्या आणि कामगारांनी तिथल्या तिथे त्यांचं बारसं केलं: जॉनी लिव्हर. पुढे तीनशेहून जास्त सिनेमांच्या श्रेयनामावलीत जे नाव झळकलं, ते कारखान्यातल्या माणसांनी दिलेलं आहे.

पुढचा भाग नीट वाच, कारण तुझा निर्णय त्यावर अवलंबून आहे. स्टेजवरचे कार्यक्रम त्यांनी नोकरी सोडल्यावर सुरू केले नाहीत. कंपनीत लागण्याआधीपासून ते करत होते, आणि नोकरीत असताना तर वाढतच गेले. मिमिक्री कलाकार प्रताप जानी आणि रामकुमार यांच्याकडून ते शिकले. ऑर्केस्ट्रात उभे राहिले, 'तबस्सुम हिट परेड'मध्ये आले, मग संगीतकार कल्याणजी-आनंदजींच्या चमूत गेले. कार्यक्रम इतके वाढले की कामावर खाडे पडायला लागले, आणि कार्यक्रमांची कमाईही चांगली होऊ लागली होती. तेव्हा, १९८१ साली, त्यांनी कंपनी सोडली.

म्हणजे काय झालं? जिथून पैसा आधीच येत होता, त्या कामाला वेळ पुरेना म्हणून त्यांनी नोकरी सोडली. सिनेमाची आशा लागली म्हणून नाही. सिनेमा तेव्हा त्यांच्या आयुष्यात नव्हताच म्हटलं तरी चालेल. १९८२ मध्ये अमिताभ बच्चन यांच्याबरोबरचा मोठा परदेश दौरा झाला. असाच एक कार्यक्रम बघून सुनील दत्त यांनी त्यांना 'दर्द का रिश्ता'मध्ये घेतलं. त्यानंतरही दारं धडाधड उघडली नाहीत. 'हंसी के हंगामे' या कॅसेटमुळे आवाज घराघरांत पोचला, चेहरा अजून पोचायचा होता. १९८६ मध्ये सिनेसृष्टीतल्या लोकांसाठी झालेल्या 'होप ८६' कार्यक्रमात ते दोन आयटेमांच्या मधली जागा भरायला होते. ती जागा त्यांनी अशी भरली की त्यातून 'जलवा' मिळाला, नसीरुद्दीन शाह यांच्याबरोबर. आणि ज्याच्यानंतर प्रत्येक निर्मात्याला ते हवेसे झाले तो 'बाजीगर' आला १९९३ साली.

१९८१ ते १९९३. बारा वर्षं. कंपनी सोडली तेव्हा वय चोविशीचं, 'बाजीगर' आला तेव्हा छत्तिशीचं. हा मधला काळ हातात स्टेज होतं म्हणून निभावला. शिवाय त्या सालची मुंबई आठव. त्यांनी नोकरी सोडल्यावर काही महिन्यांतच, जानेवारी १९८२ मध्ये, गिरणी संप सुरू झाला आणि हजारो घरांच्या चुली थंडावल्या. कारखान्यातली पक्की नोकरी ही काय चीज आहे हे त्या शहराला तेव्हा रोज दिसत होतं. तुझे बाबा एसटीत होते. पक्क्या नोकरीची किंमत त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नाही, आणि 'वेडा' हा शब्द त्यांनी भीतीपोटी वापरलाय, तुझी कला कमी लेखण्यासाठी नव्हे असं मला वाटतं.

आता तुझा हिशेब मांड. गेल्या बारा महिन्यांत स्टँड-अपमधून किती पैसे हातात आले, ते एका कागदावर लिही. मिळणार होते, मिळतील, बोलणं झालंय, यातलं काही धरू नकोस. खात्यात आलेलेच लिही. शेजारी वर्षाचा पगार लिही. तुझ्या "मधूनमधून" या एका शब्दावरून मला अंदाज येतो की दोन आकड्यांत अजून बरंच अंतर आहे. जॉनी लिव्हर यांच्या त्या दोन आकड्यांतलं अंतर मिटलं होतं. फरक आहे तो एवढाच, आणि तो फार मोठा आहे.

मालिकेचं म्हणशील तर मी मालिकांसाठी लिहिते, म्हणून आतलं सांगते. तुला पर डे मिळेल. ज्या दिवशी बोलावलं त्याच दिवसाचे पैसे. महिन्यात दिवस किती, हे ते सांगत नाहीत कारण त्यांनाही ठाऊक नसतं. या धंद्यात पैसे साधारण नव्वद दिवसांनी येतात. म्हणजे पहिल्या दिवसाच्या कामाचा चेक येईल तेव्हा तुझा तीन महिन्यांचा ट्रॅक संपत आलेला असेल, आणि तोवरचं मुंबईतलं भाडं, जेवण, प्रवास सगळं पदरचं. शिवाय 'तीन महिने' हा अंदाज असतो, करार नसतो. टीआरपी घसरला, चॅनलनं कथा वळवली, की मित्राला गावी पाठवतात आणि तो परत येत नाही. तीन महिन्यांचे ट्रॅक तीन आठवड्यांत आटोपलेले मी पाहिलेत. ते लिहून आटोपण्याचं काम कधी कधी माझ्याकडेच आलेलं आहे, आणि त्या नटाला फोन जाताना फार वाईट वाटतं.

आणि हिरोच्या मित्राला या मालिकांत करायचं काय असतं? हिरो खिडकीत उभा राहतो, मित्र मागून येऊन विचारतो, "काय झालं रे?" हिरो सांगतो. मित्र ऐकतो. मी ही भूमिका हलकी ठरवत नाहीये. चांगला नट त्या ऐकण्यातही जीव ओततो. पण तुझ्यातली जी ताकद आहे, ती दाखवायला तिथे जागा मिळेलच याची खात्री नाही, आणि त्यासाठी चार वर्षांचं पर्मनंटपण मोजणं मला महाग वाटतं.

हा झाला नोकरीचा प्रश्न. पण तुझं पत्र वाचताना मला खरं अडकायला झालं ते वेब सिरीजच्या त्या दोन दिवसांपाशी. "कमी कर, मध्ये थांबू नकोस." हे तू जाता जाता लिहिलंयस. मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

तू स्टेजवर उभा असतोस तेव्हा लोक तुझ्याबरोबर काम करत असतात. पंच टाकलास, हशा आला, तो ओसरायला लागला की तू पुढचं वाक्य टाकतोस. किती थांबायचं हे हशा ठरवतो. सेटवर ती माणसं नाहीत. तिथे चाळीसएक लोक उभे असतील, पण टेक सुरू असताना कुणी हसणार नाही, कारण साउंड चालू आहे. बूम, म्हणजे लांब दांडीवरचा माइक, धरलेला मुलगा तुझ्या वाक्याकडे लक्ष देतोय ते तुझा आवाज नीट यावा म्हणून. कॅमेरामन फोकस बघतोय. कंटिन्युइटीवाली मुलगी तुझ्या हातातला कप बघतेय. तू सवयीनं पंच टाकतोस आणि हशासाठी जागा सोडतोस. हशा येत नाही. ती जागा पडद्यावर तशीच उघडी दिसते, जणू नट वाक्य विसरला. मग तू घाबरतोस आणि पुढचं वाक्य जास्त जोरात टाकतोस. "थांबू नकोस" आणि "कमी कर" या दोन वेगळ्या सूचना नव्हत्याच. समोर हसणारं कुणी नसल्यामुळे तुझा तोल गेला होता, आणि दिग्दर्शकाला तो दोन्ही बाजूंनी जाताना दिसत होता.

पुन्हा तेच वाक्य तुला दहा वेळा म्हणायचं असतं. आधी मास्टर, म्हणजे सगळा प्रसंग एकत्र दाखवणारा शॉट, मग समोरच्याचा क्लोज, म्हणजे जवळून चेहरा, मग तुझा. मास्टरमध्ये तू "पण" म्हणताना चहाचा कप उचललास, तर क्लोजमध्येही "पण"लाच उचलावा लागतो, नाहीतर एडिटला जोडता येत नाही. आणि समोरच्याच्या क्लोजच्या वेळी कॅमेरा तुझ्यावर नसतानाही तुला ते वाक्य तितक्याच खरेपणानं द्यावं लागतं, कारण त्याच्या चेहऱ्यावर जे उमटायचंय ते तुझ्या वाक्यानं उमटणार असतं. स्टँड-अप करणाऱ्याला हे सगळ्यात जड जातं. स्टेजवर दुसरं माणूस नसतंच. सासूही तूच, सूनही तूच, साहेबही तूच. ऐकायची सवय अशी लागलेलीच नसते.

'बाजीगर'मधला तो विसरभोळा नोकर, बाबूलाल, पुन्हा एकदा बघ. हसण्यासाठी नको, शिकण्यासाठी बघ. आवाज बंद करून एकदा, मग आवाज लावून. बाबूलाल विनोद करत नाहीये. आपलं काही चुकतंय असं त्याला क्षणभरही वाटत नाही. काहीतरी भलतंच सांगताना त्याच्या चेहऱ्यावर निरोप बिनचूक पोचवल्याचं समाधान असतं, आणि समोरची माणसं गोंधळलेली बघून उलट त्यालाच त्यांची काळजी वाटते. आपण हसतो ते त्या खात्रीला. स्टेजवरचा जॉनी लिव्हर प्रेक्षकांकडे बघतो, त्यांना आपल्यात सामील करून घेतो, "बघा हं, आता गंमत" असं डोळ्यांनी सांगतो. बाबूलालचे डोळे आपल्याकडे वळत नाहीत. तोच माणूस, तेच अंग, तोच लवचीक चेहरा, पण बघण्याची दिशा बदलली. 'दूल्हे राजा'मध्ये कादर खान यांच्यासमोरचा त्यांचा बांके बघ. मॅनेजर मालकाचा आणि मन गोविंदाच्या बाजूला. तिथली अर्धी मजा कादर खान बोलत असताना बांके काय ऐकतोय यात आहे. त्या कामाला फिल्मफेअर मिळालं, त्याआधी 'दीवाना मस्ताना'लाही मिळालं होतं. मला ते पुरस्कार ऐकण्याच्या कलेलाही मिळालेत असं वाटतं.

परदेशातलं एक उदाहरण देते, कारण ते तुझ्या ओरडण्याच्या भीतीवरचा थेट उपाय आहे. अमेरिकेचे विनोदी नट रॉबिन विल्यम्स स्टेजवर आले की मिनिटाला चार माणसं होत, आवाज बदलत, घामाघूम होत. १९७८ मध्ये टीव्हीवर 'मॉर्क अँड मिंडी' सुरू झाली ती त्याच वेगावर. पण 'गुड विल हंटिंग' या १९९७ च्या सिनेमात एक प्रसंग आहे. बॉस्टनच्या एका बागेत, तळ्याकाठच्या बाकावर ते आणि मॅट डेमन बसलेत. बोलतात जवळजवळ एकटे विल्यम्सच, बराच वेळ. आवाज चढत नाही. हात मांडीवरून फारसे हलत नाहीत. कॅमेरा चेहऱ्यावर ठाण मांडून बसतो आणि तो माणूस त्याला काही 'करून' दाखवत नाही, फक्त समोरच्या पोराला जे सांगायचंय ते सांगतो. सहायक अभिनेत्याचं ऑस्कर त्यांना याच सिनेमासाठी मिळालं. ही शांतता त्यांना अचानक सापडली नव्हती. स्टँड-अपमध्ये नाव होण्याआधी ते न्यूयॉर्कच्या ज्युलियार्डमध्ये रीतसर अभिनय शिकले होते. लोकांना वाटतं तो वेगच त्यांची प्रतिभा होती. मला वाटतं, वेग असूनही तो रोखता येणं ही मोठी प्रतिभा होती.

तुला ज्युलियार्डला जायची गरज नाही. तू पुण्याजवळ आहेस, हे तुझं भाग्य आहे. काय करायचं ते सांगते.

तुझ्या पगारपत्रकात जून आणि डिसेंबरला कामगार कल्याण निधीची एक छोटी कपात दिसेल. ती ज्या महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाकडे जाते, ते कामगारांच्या नाट्यस्पर्धा घेतं. कंपन्यांतले फिटर, टर्नर, क्लार्क तिथे पूर्ण नाटकं करतात. जवळच्या कामगार कल्याण केंद्रात जाऊन चौकशी कर आणि एखाद्या संघात शिर. विनोदी नाटकच हवं असा हट्ट धरू नकोस. किंबहुना गंभीर नाटकातली दुय्यम भूमिका मिळाली तर उत्तम, कारण तिथे तुला हसवायचं नसेल, समोरच्याचं ऐकून उत्तर द्यायचं असेल. दोन-अडीच महिने तालमीत रोज तोच माणूस समोर घेऊन तीच वाक्यं म्हणताना तुझ्यात जे बदलेल, ते दहा वर्कशॉपनी बदलणार नाही. आज टीव्हीवरच्या मराठी विनोदी कार्यक्रमांत जे सहज वाटतात, त्यांतले बरेच जण एकांकिकांच्या तालमींतून आलेत. ती सहजता तिथली आहे.

वर्कशॉपच करायचं असेल तर पुण्यातल्या एफटीआयआय या फिल्म इन्स्टिट्यूटचे पडद्यावरच्या अभिनयाचे लघु अभ्यासक्रम असतात, त्यावर लक्ष ठेव. साठवलेली रजा त्यासाठी वापरलीस तर मला ती सार्थकी लागली असं वाटेल.

घरी मोबाइलवर सराव कर, पण तुझं पाच मिनिटांचं स्टँड-अपचं सेट रेकॉर्ड करू नकोस, ते तुला येतंच. बहिणीला समोर बसव. दोघांचा एक साधा प्रसंग लिही: ती फीचे पैसे मागतेय, तुझ्याकडे नाहीत आणि ते तुला सांगायचं नाहीये. मोबाइल तिच्या खांद्यामागे ठेव. लेन्सकडे बघायचं नाही, तिच्याकडे बघायचं. मग आवाज बंद करून रेकॉर्डिंग बघ. ती बोलत असताना तुझा चेहरा स्वतःच्या वाक्याची वाट बघतोय का, एवढंच तपास. सेल्फ टेप, म्हणजे स्वतःच रेकॉर्ड करून पाठवायची ऑडिशन, मागतात तेव्हा कास्टिंगवाले हेच बघतात.

लक्ष्मण देशपांडे यांचं 'वऱ्हाड निघालंय लंडनला' तू पाहिलं असशीलच. औरंगाबादच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवणारा हा प्राध्यापक एकटा ५२ माणसं उभी करायचा. मिमिक्रीतून आलेल्या माणसानं ते मुद्दाम अभ्यासावं. ते कुणाची नक्कल करून "हा असा बोलतो" असं सांगत नसत, ते त्या म्हाताऱ्याच्या गुडघ्यातूनच उठत. नक्कल आणि भूमिका यांच्यामधली वाट तिथे मराठीत, आपल्याच बोलीत दिसते. आणि हेही दिसतं की कॅमेऱ्यापुढे गेल्याशिवाय कलावंताचं आयुष्य पुरं होत नाही असं काही नाही. तुला दोन-तीन वर्षांनी वाटलं की आपल्याला स्टेजच हवंय, तर त्यात माघार घेतल्यासारखं काही नसेल.

कंपनीवरचा तुझा भाग सगळ्यात जास्त चालतो, असं तू लिहिलंयस. का चालतो याचा विचार केलास का? ट्रॅफिक, लग्नं, पुणेरी पाट्या यांवर शंभर मुलं बोलतायत. ऑडिटच्या आदल्या दिवशी लाइनवर काय धावपळ होते, रिजेक्ट झालेला पार्ट कुणाच्या माथी मारला जातो, नाइट शिफ्टला पहाटे चार वाजता माणसं काय बोलतात, हे आतून माहीत असलेला तू एकटा आहेस. जॉनी लिव्हर यांना नाव मिळालं ते साहेबांच्या नकलांवर, आणि ते साहेब त्यांनी रोज पाहिलेले होते. त्या जागेतून तुझा अजून तासाभराचा कार्यक्रम निघू शकतो. तो लिहून होईपर्यंत तिथून बाहेर पडू नकोस. मात्र साहेबाचं नाव आणि कंपनीचं नाव घेऊ नकोस, नोकरी टिकवायची आहे.

मग राजीनामा कधी? माझं मत सांगते. स्टेजचे पैसे सलग सहा महिने पगाराच्या जवळपास आले, घरखर्चाचे वर्षभराचे पैसे बाजूला पडले आणि बहिणीच्या शिक्षणाचा भार वेगळा काढून ठेवलेला असला, की दे. तेव्हा मी स्वतः तुला दे म्हणेन. एवढं झालं की पडद्यावरचं काम तुला निवडता येईल. आज ते तुला निवडतंय, आणि पर डे ठरवतंय. अशोक सराफ यांनी स्टेट बँकेत दहा वर्षं नोकरी करत नाटकं केली. त्या दहा वर्षांनी त्यांचं काही अडलं नाही. जॉनी लिव्हर यांची मुलगी जेमी हिच्या पाठीशी तर बापाचं नाव होतं, तरी तीही आधी शिकली, नोकरी केली, मग स्टँड-अपच्या मंचावर उभी राहिली आणि त्यानंतर सिनेमात आली.

दोन सावधगिरीच्या गोष्टी, घाईघाईनं. काम देतो म्हणून आधी पैसे मागणारा कोऑर्डिनेटर, महागडा पोर्टफोलिओ अमुक माणसाकडूनच काढ म्हणणारा, कलाकार संघटनेचं 'कार्ड' काढून देतो म्हणणारा, यांना एक रुपया देऊ नकोस. खरं कास्टिंग करणारे नटाकडून पैसे घेत नाहीत. आणि वेर्सोव्याच्या आराम नगरमध्ये कास्टिंगची बरीच ऑफिसं आहेत म्हणून रजा टाकून तिथे नुसत्या चकरा मारू नकोस. बोलावणं आलं की जा, बाकी टेप पाठव.

बाबांशी बोलताना जॉनी लिव्हर यांची पूर्ण गोष्ट सांग, बारा वर्षांसकट. तो कागदही दाखव, दोन आकड्यांचा. पर्मनंट नोकरी तूर्त सोडत नाहीस आणि कधी सोडशील याची अट काय, हे त्यांना आकड्यांत कळलं तर बोलणं 'वेडा' या शब्दाच्या पुढे जाईल. नाटकाच्या तालमींना उशीर होईल, हेही आत्ताच सांगून ठेव. एसटीत ज्यांनी ड्यूट्या केल्या त्यांना उशिरा घरी येणं परकं नाही.

आणि मालिकावाल्यांना उत्तर द्यायचं राहिलं. गप्प राहून त्यांना लटकवू नकोस, या धंद्यात नकारापेक्षा ते जास्त लक्षात राहतं. साधा मेसेज कर: "मला घेतलंत याबद्दल मनापासून आभार. नोकरीमुळे तीन महिन्यांचा ट्रॅक आत्ता करता येणार नाही. सुट्टीच्या दिवशी होण्यासारखं एक-दोन दिवसांचं काम असेल तर मी तयार आहे, माझा नंबर ठेवा." आठवडा संपायची वाट बघू नकोस, उद्या सकाळीच पाठव, म्हणजे त्यांना दुसरा मुलगा बघायला वेळ मिळेल.